चंद्रावर मुका जीव पाठवू नका

डॉ. व्ही. नारायणन,
अध्यक्ष, इस्रो, बेंगळुरू



२०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवण्याचं उद्दिष्ट आपण ठेवलं आहे. ते तडीस जावं, ही मनापासून इच्छा. पण माणसाआधी एखादा प्राणी पाठवून बघू, हा विचार अशा वेळी कुठेतरी डोकं वर काढतोच. तो पुढे सरकण्याआधी हे पत्र.

चंद्राला वळसा घालून जिवंत परतलेल्या पहिल्या प्राण्यांमध्ये सोव्हिएत संघाची दोन कासवं होती. सप्टेंबर १९६८, यान झोंड-५. २ सप्टेंबरपासूनच त्यांचं खाणं बंद केलं होतं. यान हिंदी महासागरात उतरलं, जहाजानं ते आपल्या मुंबईला आणलं, इथून विमानानं मॉस्कोला नेलं. ११ ऑक्टोबरला कासवांची चिरफाड झाली तेव्हा उपासमारीचे ३९ दिवस भरले होते. आणि निष्कर्ष काय? शरीरातले बदल मुख्यतः उपासमारीमुळे झाले, प्रवासाचा वाटा थोडाच. ज्या उत्तरासाठी त्यांचा जीव घेतला, ते हाती फारसं लागलंच नाही. लायकाला अवकाशात पाठवणाऱ्यांपैकी ओलेग गाझेन्को यांनीही १९९८ मध्ये कबूल केलं होतं, की त्या कुत्रीच्या मरणाचं समर्थन व्हावं इतकं त्यातून शिकायला मिळालं नाही.

कासवांना निदान परतीची वाट होती. चंद्रावर उतरवलेल्या प्राण्याला ती कुठली? तिथली रात्र आपल्या चौदा दिवसांची, पारा शून्याखाली शंभर अंशांच्याही खूप खाली. २०१९ मध्ये चीनच्या चांग-अ ४ यानातल्या डब्यात सरकी रुजली, कोंब वर आला आणि पहिल्याच रात्री गारठून मेला. चंद्रावर उतरलेले आपले विक्रम लँडर आणि प्रज्ञान रोव्हरही तशाच एका रात्रीनंतर उठले नाहीत. आपण हळहळलो. पण यंत्राला थंडी बोचत नाही, धाप लागत नाही, भीती वाटत नाही.

गगनयानाच्या मानवरहित उड्डाणासाठी इस्रोनं व्योममित्र ही स्त्रीरूपी यंत्रमानव घडवली. मला त्याचा फार अभिमान वाटतो. बाकीचंही प्राण्याशिवाय जमतं: किरणोत्सर्गाचा परिणाम पेशींवर, बियाण्यांवर, यीस्टवर पाहता येतो. हवा-पाण्याची यंत्रणा उपकरणांनी तपासता येते.

म्हणून विनंती एवढीच: परतीची सोय नसलेल्या कोणत्याही चांद्रमोहिमेत इस्रो कणा असलेला प्राणी पाठवणार नाही, असं धोरण लेखी जाहीर करा. मोहिमेचा आराखडा पक्का होण्याआधी करा.

कळावे,
आपला एक हितचिंतक