आधीं नाक, मग छाती

रत्नागिरीहून कोल्हापुरास जातांना आंबा घाटांत मोटारीचा दम तोकडा पडतो, सबब सिलिंडर-हेड कोरून घ्यावें, असा हट्ट आमच्या चिरंजीवांनीं धरला आहे. टर्बोचार्जर इंजिनाच्या धुरानेंच चक्र फिरवून आंत हवा कोंबतो. १९०५ सालीं स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें या युक्तीचें पेटंट नोंदविलें. हेडांतील हवेच्या वाटा यंत्रानें रुंद व सुबक केल्यास भर वेगांत बळ वाढतें खरें. परंतु वाट फाजील रुंद झाली, तर मंद चालीस हवेचा वेग घटतो. आणि घाटाच्या वळणांवर तीच चाल लागते. शिवाय इंधन व उष्णता वाढून गॅस्केटवर ताण येतो. म्हणून आम्हीं म्हटलें, “आधीं एअर फिल्टर व टर्बोच्या नळ्या तपासून घे.” वाचकहो, चोंदलेलें नाक मोकळें न करतां छातीवर शस्त्रक्रिया करण्यांत कसलें शहाणपण?