टांगा कोण हाकणार?

शाझिया इक्बाल यांचा 'धडक २' (२०२५) आम्ही पाहिला. बार रूममध्ये विषय काढला, तर सहकारी वकिलांच्या लक्षात राहिली ती फक्त प्रेमकथा. नायक दलित आहे आणि कायदा शिकतो आहे, हे कोणाला महत्त्वाचे वाटले नाही. आम्हाला मात्र तेवढेच महत्त्वाचे वाटले. मारी सेल्वराज यांच्या ज्या तमिळ 'परियेरुम पेरुमाळ'वर (२०१८) हा चित्रपट बेतला आहे, त्यातल्या पोराच्या डोक्यावरून लॉ कॉलेजातले इंग्रजी व्याख्यान जाते. चोपडा, साक्रीहून मराठी माध्यमात बारावी करून आलेल्या आमच्या पोरांना विचारा, मागच्या बाकावर काय भोगावे लागते ते!

दोहोंत तमिळच उजवा. हिंदीत नायकाला काळवंडलेला दाखवण्यासाठी रंग फासल्यासारखे वाटते. दलित म्हणजे काळा, हा बॉलिवूडचा समज काही जात नाही. तरी 'सैराट'मधली जातच पुसून टाकणाऱ्या २०१८ च्या 'धडक'पेक्षा हे पाऊल पुढचे आहे, हे मान्य केले पाहिजे. सेन्सॉरने सोळा बदल करायला लावले. तीन हजार वर्षांच्या अनुशेषाचा उल्लेखही त्यात बदलला. शिवी खुपली हे एकवेळ समजू शकते, पण यांना हिशेबसुद्धा खुपतो!

'जय भीम'मध्ये (२०२१) वकील चंद्रू यांना सारे श्रेय मिळाले. खरे वकील के. चंद्रू यांनी ती १९९३ ची लढाई लढली, त्यांना आमचा सलाम. पण पोलिसांची तडजोडीची रक्कम नाकारणारी सेंगनी नसती, तर वकिलाने लढायचे कोणासाठी? चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्येही वकील बाहेरचाच, सुखवस्तू. मात्र त्यातली 'पुढची तारीख' अस्सल आहे; आमचे अर्धे आयुष्य त्या तारखेतच गेले. शाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार चळवळीतलेच होते, म्हणून ते नटासारखे दिसत नाहीत. २०२१ च्या १३ एप्रिलला, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने त्यांना नेले.

सेंगनीसारखीच ताठ माणसे आमच्या खानदेशातही होती. २३ ऑक्टोबर १९२९. सरकारी समितीचे सदस्य असलेले बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यातील मंडळी त्यांना न्यायला स्टेशनवर आली होती. वस्ती चालत जाण्याइतकी जवळ. पण आपल्या पाहुण्याला पायी न्यायचे? टांगेवाल्यांनी नकार दिला. विलायतेत शिकून आलेल्या बॅरिस्टरला नेणे टांगा हाकणाऱ्यालाही कमीपणाचे वाटले! शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला टांगा हाकायचा सराव नव्हता. नदीच्या फरशीवर चाक दगडाला अडले, बाबासाहेब फेकले गेले, पायाचे हाड मोडले. खरे कारण त्यांना नंतर कळले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या लोकांनी मानापुढे सुरक्षितता पाहिली नाही, असे त्यात ते म्हणतात. आम्हाला त्यात राग दिसत नाही, दुखऱ्या पायासकट माया दिसते.

या प्रसंगावर अख्खा चित्रपट आम्ही तरी पाहिलेला नाही. टांग्यासाठी तासभर ताटकळलेल्या त्या माणसांवर, आणि पहिल्यांदाच लगाम धरणाऱ्या त्या हातांवर कोणी कॅमेरा धरला, तर पहिल्या खेळाला आम्ही चाळीसगावात तिकीट काढून बसू.