लांबचे तळे

‘तिथं चिटपाखरू नसतं बघा, गुरुजी!’ ही हल्ली कुठल्याही जागेची सर्वांत मोठी शिफारस होऊन बसली आहे. देवाची शिफारस करताना लोक ‘नवसाला पावतो’ म्हणतात, खाणावळीची करताना ‘वाढायला हात सैल आहे’ म्हणतात, आणि तळ्याची करायची झाली तर ‘लांब आहे, कुणी जात नाही’ असे म्हणतात. आमच्या राजारामपुरीत दिवाळीची सुट्टी लागली, की ज्याच्या त्याच्या तोंडी असे एखादे लांबचे तळे असते. कुणाचे काळम्मावाडीच्या फुगवट्यात, कुणाचे पाटगावला, कुणाचे पार चांदोलीच्या अंगाला. जो अधिक लांबचे नाव घेईल तो अधिक रसिक! फराळाच्या ताटापुढे बसून या रसिकतेविरुद्ध बोलणे बरे दिसत नाही, हे मला कळते. पण चकलीचा तुकडा तोंडात असतानाही माणसाला खरे बोलता येते, म्हणून बोलतो.

मी हे बाहेर उभा राहून बोलत नाही. मासे धरायला आम्हीही सहकुटुंब जातो आणि पुढेही जाणार. वडिलांची येझदी मी अजून चालवतो. म्हैसूरचा तिचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्या नावाच्या नव्या गाड्या २०२२ पासून पुन्हा रस्त्यावर आल्या आहेत खऱ्या, पण आमच्या फटफटीचा आवाज त्यांना नाही. आणि तो आवाज तळ्याच्या अलीकडे बंद करावा एवढी अक्कल आम्हाला आहे. मागे आमची मंडळी, तिच्या मांडीवर भाकऱ्यांचे गाठोडे. दुसऱ्या गाडीवर मेव्हणा, त्याच्या मागे आमचा मुलगा, हातात उभ्या धरलेल्या दोन बांबूच्या काठ्या. पन्हाळ्यावर चाल करून निघालेल्या शिलेदारासारखा तो दिसतो. रंकाळ्याच्या काठाने शहर सोडायचे, उसातून वाट काढत धामोडच्या बाजूला तुळशी धरणाकडे जायचे. ठेका ज्या संस्थेकडे असेल तिच्या माणसाला विचारायचे आणि मग काठ धरून बसायचे. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी, दोरीला मोरपिसाचा देठ बांधलेला. तो देठ पाण्यावर उभा राहिला, की चार माणसांचे अख्खे कुटुंब त्याच्याकडे बघत गप्प बसते. वर्षभरात आमच्या घरात एवढी शांतता फक्त निकालाच्या दिवशी असते.

मिळते काय? नशीब असेल तर एखादा रोहू, नाहीतर चार-दोन चिलाप्या. तीन दगडांची चूल, चिंच-मीठ चोळून वर घरची कांदा-लसणीची चटणी लावलेले तुकडे, आणि गार भाकरी. यापुढे कुठल्याही हॉटेलातले ताट फिके आहे. मौज आहे, हे मी शंभरदा मान्य करतो. तळे लांब आहे म्हणून मौज आहे, हे मात्र मी एकदाही मान्य करणार नाही.

गेल्या खेपेला मुलाने काठी धरल्या धरल्या विचारले, ‘‘आबा, नदी तर आपल्या गावात आहे. मग मासे धरायला एवढ्या लांब कशाला यायचं?’’

मेव्हणा म्हणाला, ‘‘दाजी, आता द्या उत्तर. तुम्ही मास्तर.’’

उत्तर अवघड नाही, लाजिरवाणे आहे. तुळशी भोगावतीला मिळते. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीच्या संगमापाशी पंचगंगा होते, हे चौथीच्या पोरालाही पाठ असते. म्हणजे ज्या पाण्याकाठी आम्ही चिटपाखरू नसल्याचे कौतुक करत बसतो, तेच पाणी धरणातून सुटून आमच्या गावच्या घाटावर आपल्या पायाने चालत येते. ते आमच्या दारात येते आणि आम्ही त्याला उलट दिशेने, पेट्रोल जाळीत, भेटायला जातो! एखाद्या म्हाताऱ्या बापाने मुलाचे घर गाठावे आणि मुलाने बापाला भेटायला खेड्याकडे निघावे, तसला हा प्रकार आहे. का? तर दारात आल्यावर त्या पाण्याचे आम्ही काय करतो, ते आम्हाला बघवत नाही.

कोल्हापूर हे मुळात तळ्यांचे गाव. आजच्या पोरांना हे सांगितले तर ती हसतात. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ होते. जिथे आज फुटबॉलचे सामने रंगतात त्या शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचे तळे होते. कपिलतीर्थावर भाजी विकतात. गावाने आपली तळी एकेक करून बुजवली. मैदाने झाली, मंडई झाली, त्याचे सगळेच वाईट झाले असे मी म्हणत नाही. पण जी उरली त्यांची तरी बूज राखावी की नाही? राजारामपुरीतून चालत गेले तर कोटीतीर्थ किती लांब? विद्यापीठाच्या मागचे राजाराम तळे किती लांब? रंकाळ्यावर तर अख्खे गाव संध्याकाळी भेळ खायला जाते, आणि त्याच रंकाळ्यात नाल्यांचे सांडपाणी उतरते, हिरवी साय धरते, जलपर्णी वाढते, आणि मधूनच एखाद्या सकाळी काठाला मेलेल्या माशांची रांग लागते. मग वर्तमानपत्रात फोटो येतो, दोन दिवस हळहळ होते, तिसऱ्या दिवशी पुन्हा भेळ.

कळंब्याहून येणारा जयंती ओढा शहराच्या मधून वाहतो. त्याला नदी म्हणावे असा आग्रह काही भली माणसे धरतात. मी त्यांच्या बाजूचा आहे, पण नाल्याला नदी म्हणण्यापूर्वी नदीचा नाला होऊ नये एवढे तरी बघू या.

वर्गात मी एकदा विचारले, ‘‘पंचगंगेतल्या माशांची नावं सांगा.’’ चाळीसपैकी एक हात वर आला. ‘‘चिलापी, सर.’’ आता हा चिलापी मूळचा आफ्रिकेचा, भारतात आला तो १९५२ साली. पाण्यात प्राणवायू कमी असला तरी तो तगतो, घाणीतही वाढतो, म्हणून तो राहिला. वाम, मरळ, शिंगाळा ही नावे त्या वर्गातल्या पोरांना मला फळ्यावर लिहून द्यावी लागली. त्यांच्या आज्यांना ती चवीने ठाऊक होती. पाठ्यपुस्तक ‘नदी ही आपली माता’ म्हणून सांगते. मातेच्या घरातली माणसे ओळखता येऊ नयेत, असे हे कसले मातृप्रेम?

नदीतला मासा मरतो कसा, हेही एकदा सरळ सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे ‘मासे मेले’ हे वाक्य ‘पाऊस पडला’ अशा थाटात बोलले जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपले कोल्हापुरी बंधारे अडवतात, बरगे घालतात. ही पद्धत आपल्या जिल्ह्याच्या नावाने देशभर ओळखली जाते आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण बरगे घातले की पाणी तुंबते. तुंबलेल्या पाण्यात वरून शहराचे मैलापाणी येते, कारखान्यांची मळी येते, खाली इचलकरंजीच्या बाजूला रंगाचे पाणी येते. मळी विषारीच असली पाहिजे असे नाही. तिच्यातली घाण कुजताना पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकते. उन्हाळा तोंडावर आला, की तेरवाडच्या बंधाऱ्यासारख्या ठिकाणी मासे तोंड वर काढून तडफडू लागतात. लोक बुट्ट्या घेऊन धावतात. गळ नको, जाळे नको. हाताने मासा मिळतो. मासेमारीचा यापेक्षा सोपा आणि यापेक्षा ओंगळ प्रकार जगात नसेल.

आणि माणसे? २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. पाण्यात मैला मिसळला होता. मासा बोलत नाही म्हणून त्याचे मरण फोटोवर भागते. माणसाचे भागत नाही.

आता माझ्या वादाचा गाभा सांगतो. नदी घाण झाली की तिला स्वच्छ करायचे सोडून आपण दुसरी नदी शोधतो. सहलीला निघालेला मोटारसायकलवाला जे करतो, तेच शहरे करतात. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर काळम्मावाडीचे पाणी पन्नासहून अधिक किलोमीटरच्या नळातून कोल्हापूरला पुईखडीपर्यंत आले. लोकांनी त्या पाण्याने अभ्यंगस्नान केले, पेढे वाटले. मी त्या आनंदावर पाणी टाकणार नाही. कित्येक वर्षांची ती मागणी होती, आणि घागरी घेऊन ताटकळलेल्या बायकांना मी तत्त्वज्ञान कुठल्या तोंडाने सांगू? पण त्या दिवशी एक गोष्ट घडली, ती कुणी लिहिली नाही. गाव जोवर नदीचे पाणी पीत होते तोवर नदीला एक वकील होता. आपल्याच घशाखाली जाणार म्हणून तरी कुणी ओरडत होते. घसा दूधगंगेकडे वळला आणि पंचगंगेचा वकील सुट्टीवर गेला.

इचलकरंजीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. गाव पंचगंगेच्या काठी. ती पिण्यालायक राहिली नाही म्हणून मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी आणले. ते पुरेना म्हणून वारणेकडे पाहिले, तर दानोळीची माणसे आडवी आली. मग दूधगंगेकडे, सुळकूडला वळावे म्हटले, तर काठावरची गावे उठली. शहराला तहान आहे हे खरे. खेड्याला भीती आहे हेही खरे. दोघे एकमेकांवर दात-ओठ खातात आणि ज्या नदीमुळे हे भांडण उभे राहिले ती मधून गढूळ वाहते आहे. तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. आज दूधगंगा स्वच्छ आहे. उद्या तिच्या काठी कारखाने आणि वस्ती वाढली की तिच्यासाठी कुठले लांबचे तळे शोधणार? सह्याद्री एकच आहे, आणि त्याच्या पलीकडे कोकण आणि खारे पाणी!

कुणी म्हणतील, ‘‘गुरुजी, शहर वाढलं की हे असंच व्हायचं.’’ हे ऐकले की माझे डोके फिरते. लंडन काही आपल्या शिरोळएवढे गाव नव्हे. तिथल्या थेम्स नदीत जीव उरला नाही, असे १९५७ साली तिथल्या शास्त्रज्ञांनीच जाहीर केले होते. मैलापाण्याची व्यवस्था त्यांनी सुधारली, आणि १९७४ साली त्या नदीत पुन्हा सामन मासा सापडला. सतरा वर्षे. आपल्याकडे एवढ्या काळात एका नाल्यावरच्या यंत्राचे तीनदा उद्घाटन होते.

आणि लंडनला तरी कशाला जायचे? याच कोल्हापूरने गणपती नदीत सोडायचे थांबवले. घरोघरचे गणपती इराणी खणीत आणि गल्लीतल्या काहिलींत विसर्जन होऊ लागले. गुऱ्हाळाची काहील आणि गणपती! माझी आई आधी पुटपुटली, पण पुढच्याच वर्षी शेजारणींना तीच समजावून सांगू लागली. शतकांची रीत सामान्य माणसांनी चार-पाच वर्षांत बदलली. देवाला मागे सरायला सांगता आले; मळीच्या आणि मैल्याच्या नळाला सांगता येत नाही? देवाची मूर्ती नदीला जड होते आणि गावाचा मैला होत नाही, हे शास्त्र मला कुणीतरी समजावून द्यावे.

दरम्यान लांबचे तळेही लांब राहिलेले नाही. तुळशीच्या काठी गेल्या मोसमात आमच्या शेजारी आठ-दहा गाड्यांची टोळी उतरली. सायलेन्सर काढलेले, गाणे लावलेले, गळाला हात न लावता मासे मागवलेले. जाताना बाटल्या आणि प्लॅस्टिकची ताटे काठावर ठेवून गेली. संस्थेचा म्हातारा नावाडी ती वेचत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘‘ही सगळी कोल्हापूरची बरं का, गुरुजी.’’ चिटपाखरू नसलेल्या त्या जागी हा म्हातारा राहतो, त्याच्या वाडवडिलांचे रान त्या पाण्याखाली आहे. पण ‘कुणी नसते’ म्हणणाऱ्यांच्या मोजणीत तो येत नाही. त्या टोळीतले दोघे तर आता आणखी आतल्या तळ्याची चौकशी करत होते.

म्हणून जे कुणी नदीचे आराखडे करतात, मंजूर करतात, आणि त्यांच्या समारंभांना फेटे बांधून बसतात, त्यांना माझे एक आमंत्रण आहे. येत्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पंचगंगेच्या काठावर, जयंती ओढा नदीला मिळतो त्याच्या खालच्या अंगाला, माझ्याबरोबर मासे धरायला बसावे. काठ्या मी देतो, गांडुळेही मीच आणीन. मेव्हणा चूल पेटवील, भाकऱ्या आमच्या घरून येतील. जेवायला मात्र त्याच पाण्यातला मासा, आणि वर प्यायला त्याच पाण्याचा तांब्या.