परसातले झाड कोणाचे?

नवे घर बांधायचे ठरले, की पहिली कुऱ्हाड बहुधा परसातल्या झाडावर पडते. परस म्हणजे घराच्या मागची मोकळी जागा. तिथे एखादी खोली वाढवायची असते, मोटार उभी करायची असते किंवा रोज पालापाचोळा झाडून घरातली माणसे कंटाळलेली असतात. झाड तोडायला एक दिवस पुरतो. त्याबद्दल घरात कोणी कोणाला विचारतही नाही. माझ्या मते विचारले पाहिजे. जमीन एकाच्या नावावर असेल, पण परसातले झाड साऱ्या कुटुंबाचे असते.

कोकणातले उदाहरण घेऊ. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत घरामागे आंबा, फणस, नारळ, शेवगा, रातांबा अशी झाडे असतात. त्यांतला फणस पाहा. एक फळ दहा-पंधरा किलो सहज भरते. ते एकट्याने खाता येत नाही आणि एकट्याने उतरवताही येत नाही. एकजण झाडावर चढून फळ दोरीने खाली सोडतो. दुसरा चीक चिकटू नये म्हणून हाताला आणि कोयत्याला तेल लावून ते फोडतो. मोठी माणसे गरे काढतात, मुले आठळ्या गोळा करतात. शेजारच्या घरी गऱ्यांचे ताट जाते. वाळवून ठेवलेल्या आठळ्या पावसाळ्यात चुलीत भाजून खातात. फणस पिकतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. मुंबईला किंवा आखाती देशांत नोकरी करणारी माणसे त्याच दिवसांत गावी येतात. अशा कित्येक कुटुंबांत सगळेजण वर्षातून एकदाच एकत्र बसतात आणि ते या झाडाखाली.

आठवणी सांगायलाही काही निमित्त लागते. दिवाणखान्यात बसून दादी नातवंडांना घराचा इतिहास सांगत नाही. झाडाखाली बसली, की मात्र ती सहज सांगते, “या फांदीला तुझ्या अब्बांचा झोका होता. तुझ्या फुफीच्या लग्नात इथेच डेग चढली होती.” झाड समोर असते म्हणून गोष्ट आठवते. झाड गेले, की ती गोष्ट सांगायचे कोणाला सुचत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरात दोन भावांच्या वाटण्या झाल्या. अंगणात भिंत उभी राहिली आणि बोलणे बंद झाले. फणसाचे झाड मात्र दोघांच्या सामाईक जागेत राहिले होते. फळ उतरवायला दोघांच्याही मुलांना यावे लागे. मुले आधी बोलू लागली, मग त्यांच्या आया बोलू लागल्या. भाऊ बोलू लागले ते सर्वांत शेवटी. ते झाड कोणा एकाच्या वाट्याला गेले असते, तर हे घडले असते का?

झाडाचा त्रास होत नाही, असे मी म्हणणार नाही. मुळे पायाला तडा देतात, वाळकी फांदी कौलांवर पडते. पण पावसाळ्यापूर्वी वाळक्या फांद्या छाटता येतात. घराचा नकाशा काढतानाच झाडाची जागा सोडता येते. झाड खरोखरच धोकादायक झाले असेल, तर ते तोडावे; पण त्याआधी घरापासून थोडे दूर दुसरे झाड लावावे. बियांपासून वाढवलेल्या फणसाला फळ धरायला सात-आठ वर्षे तरी लागतात, हे विसरू नये.

झाडे एकदम गेली, की काय होते, हे कोकणाने पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांत नारळ, सुपारी आणि आंब्याची असंख्य झाडे उन्मळून पडली. शासनाने त्या वेळी फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर केली. परंतु ज्याच्या परसात दोनच झाडे होती, त्याचे नुकसान हेक्टरात कसे मोजायचे? आणि त्या झाडांखाली बसणाऱ्या माणसांचे?

वादळ आपण थांबवू शकत नाही. कुऱ्हाड थांबवू शकतो. शहरात राहणाऱ्यांना तर कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार स्वतःच्या जागेतील झाड तोडायलाही परवानगी घ्यावी लागते. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानण्यात आले. ‘वारसा’ हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूतल्या ‘वारिस’ आणि ‘विरासत’ या शब्दांचा तो सख्खा भाऊ आहे. घर आणि शेत जसे वारशात मिळते, तसे झाडही मिळते.

संत तुकारामांनी झाडांना सोयरे म्हणजे नातलग मानले. आपल्या हदीसमध्येही सांगितले आहे, की एखाद्याने झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले, तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो. म्हणजे ज्या आजोबांनी झाड लावले, त्यांचे पुण्य अजून चालू आहे. ते आपल्या हाताने का बंद करावे?

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर एवढे करा. तुमच्या घराजवळ किंवा गावच्या घरामागे कोणते झाड आहे आणि ते कोणी लावले, हे मोठ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. उद्या कोणी ते तोडायचे म्हणाले, तर त्यांना वही दाखवा आणि नम्रपणे सांगा, “आधी सगळ्यांना विचारू या.” झाड लहानांचेही आहे, मग निर्णय घेताना लहानांनी गप्प का बसावे?