पारणं नसलेला उपास



घरात चौदा-पंधरा वर्षांची लेक असेल, तर कोरियन गाणी तुमच्याही कानांवर पडत असतीलच. शब्द एक कळत नाही, पण ठेका पायात शिरतो. मुली नाचतात सुरेख, आणि दिसतात तर काचेच्या बाहुल्यांसारख्या. मग एक दिवस लेक भाताचं ताट बाजूला सारते आणि सांगते, "आजपासून मी आययूचं डाएट करणार!" हे डाएट म्हणजे आहे तरी काय, ते आज जरा नीट समजून घेऊ या.

आययू ही दक्षिण कोरियाची अतिशय लोकप्रिय गायिका. २००८ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी ती या धंद्यात उतरली. वजन उतरवताना आपण दिवसभरात काय खात होतो, ते तिनंच टीव्हीवर सांगितलं होतं. सकाळी एक सफरचंद, दुपारी एक-दोन रताळी, रात्री प्रथिनांचं पेय. बस्स, संपला दिवस!

रताळं म्हटलं की आपल्याला एकादशी आठवते. पण आपली एकादशी म्हणजे "दुप्पट खाशी". साबुदाणा, दाण्याचा कूट, वर तूप. आणि दुसऱ्या दिवशी पारणं ठरलेलंच. आययूच्या या उपासाला पारणंच नाही. हिशेब करून पाहा, हा सारा आहार जेमतेम ५०० कॅलरींचा भरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली बैठं काम करणाऱ्या बाईसाठी दिवसाला सुमारे १६६० कॅलरी सांगितल्या आहेत. वाढत्या वयाच्या मुलीला तर याहूनही जास्त लागतात. आणि या मुली बैठं काम करत नाहीत, तासन् तास नाचतात!

याचा शेवट काय होतो, तेही आययूनंच सांगितलं. आपल्याला बुलिमिया हा आजार जडला होता, असं तिनं २०१४ साली टीव्हीवरच्या एका मुलाखतीत कबूल केलं. या आजारात माणूस भान हरपून खातं आणि मग खाल्लेलं ओकून टाकू पाहतं. डाएट मुलींना तोंडपाठ असतं. ही पुढची गोष्ट मात्र त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

ती एकटीच नव्हे. २०१५ साली पुढे आलेल्या 'ट्वाइस' गटातल्या मोमोला कार्यक्रमात उभं राहायचं तर सात किलो वजन कमी कर, असं सांगण्यात आलं. आठवडाभर बर्फाच्या खड्याखेरीज आपण काही खाल्लं नाही, अंगातलं पाणी उतरावं म्हणून सारखं थुंकत होते आणि रात्री झोपताना सकाळी जाग येईल ना, याची भीती वाटे, असं तिनं पुढे सांगितलं. 'ओ माय गर्ल' गटातल्या जिनीला अन्नच जाईना. ॲनोरेक्सियाच्या उपचारांसाठी ती २०१६ साली रजेवर गेली आणि २०१७ मध्ये तिनं गट कायमचा सोडला.

तुम्ही म्हणाल, या पोरी असं का करतात? तर यात त्यांच्या हौसेचा भाग थोडा आणि नोकरीचा फार. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना कंपन्या करारानं बांधून घेतात. वर्षानुवर्षं शिकवतात, एकत्र ठेवतात आणि वजनकाट्यावर उभं करतात. शिकवण्याचा खर्च कंपनीचा, म्हणून हुकूमही तिचा. काही करारांत तर असं होतं की शिकाऊ मुलानं मधेच सोडलं, तर झालेल्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट रक्कम भरून द्यायची. तिथल्या व्यापार आयोगानं २०१७ साली अशी कलमं बदलायला लावली. १६५ सेंटिमीटर उंचीला ४५ किलो वजन, असले आकडे या कलावतींच्या माहितीत बिनदिक्कत छापले जातात. डॉक्टरांच्या हिशेबानं त्या उंचीला निदान ५० किलो तरी हवं. म्हणजे मुली ज्याला सौंदर्याचं रहस्य समजतात, ती खरं तर एका कामगार मुलीची हलाखी आहे. नक्कल करायचीच, तर तिच्या नाचाची करावी. उपासमारीची कशाला?

उपाशी शरीर मनाचं काय करतं, हे फार पूर्वीच तपासून झालं आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आलं. त्यांना दिवसाला सुमारे १६०० कॅलरी मिळत; म्हणजे या रताळ्याच्या डाएटच्या तिप्पट! तरीही ते चिडचिडे झाले, उदास झाले, त्यांना सारखी थंडी वाजू लागली आणि अन्नाखेरीज दुसरं काही सुचेना. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. पुढे पोटभर जेवण मिळू लागलं, तेव्हा कितीही खाल्लं तरी त्यांचं समाधान होईना. तेव्हा डाएट मोडून मुलगी रात्री बिस्किटांच्या डब्यावर तुटून पडली, तर तिला "मनाचा निग्रह नाही" म्हणून टोचू नका. ते शरीर आपलं देणं वसूल करत असतं.

मग आपण करायचं काय? पहिली गोष्ट, गाणी बंद करू नका आणि त्या कलावतींना नावं ठेवू नका. नाहीतर लेक तुमच्याशी बोलणंच बंद करील. उलट आययूची पुढची गोष्ट तिला सांगा. दुसरी गोष्ट, घरातल्या बायकांच्या बांध्याची चर्चा जेवताना तरी नको. "जाड झालीस हो," "अशीच सुटलीस तर स्थळं कशी यायची?" ही वाक्यं कोरियातून आलेली नाहीत, ती आपल्याच घरात बोलली जातात. आणि स्वतःच्या पोटाला आरशापुढे आपण काय काय बोलतो, तेही मुली ऐकत असतात.

तिसरी गोष्ट, लक्ष ठेवा. पाळी चुकू लागली, केस मूठमूठ गळू लागले, चक्कर येऊ लागली, भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, ती जेवणावरून उठून थेट न्हाणीघरात जाऊ लागली किंवा "मैत्रिणीकडे खाल्लं" असं रोजच सांगू लागली, तर थांबू नका. डॉक्टरांकडे न्या आणि त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव सुचवलं, तर लाजू नका. हा हट्ट नव्हे, आजार आहे. वेळेवर उपचार झाले, तर तो बरा होतो.

तोवर रोजचं वरण-भात, भाकरी-भाजी सगळ्यांनी एकत्र बसून खा. तिच्या ताटावर पहारा नको, शेजारी फक्त तुमचं पान असू द्या.