व्याजाचा दर आणि न जन्मलेलीं माणसें

नीतीच्या प्रगतीविषयीं आपल्या सुशिक्षित वर्गांत एक मोठा सुखकारक समज रूढ आहे. सतीची चाल १८२९ सालीं बंद झाली, ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी १८३३ च्या कायद्यानें मोडली, विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला, आणि १९५० मध्यें अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता बेकायदा ठरविली. तेव्हां माणूस पिढीगणिक अधिक न्यायी होत चालला आहे, व हवापाण्याचा आजचा प्रश्नही याच ओघांत आपोआप सुटेल, असें हा वर्ग मानतो. हा समज मला नुसता चुकीचा नव्हे, तर घातक वाटतो.

या सुधारणा घडल्या कशा, हें कोणी पाहत नाहीं. प्रत्येक ठिकाणीं अन्याय सोसणारा माणूस दारांत उभा होता, आणि बहुधा तो बोलतही होता. गुलामगिरींतून सुटलेल्या इक्वियानोनें १७८९ सालीं आपलें आत्मचरित्र लंडनांत छापलें. ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषवर्गास जाब विचारला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांबरोबर हजारों लोक महाडच्या चवदार तळ्यावर स्वतःच्या पायांनीं चालत गेले. सतीच्या बाबतींत राममोहन रायांना दुसऱ्यांसाठीं बोलावें लागलें हें खरें. पण ती चिता गांवाच्या डोळ्यांदेखत पेटत होती. म्हणजे ज्याला आपण आपला सद्गुण म्हणून मिरवितों, त्याचा मोठा भाग पीडितांनीं आमच्या हातून ओढून घेतलेला आहे. इ. स. २२०० मध्यें जन्मास येणारा माणूस काय ओढून घेणार? त्याला मत नाहीं, त्याला सत्याग्रह करतां येत नाहीं, वर्तमानपत्राला पत्रही धाडतां येत नाहीं.

आणि त्याच्यावर लादलेला बोजा थोडका नाहीं. कारखानदारीच्या युगापूर्वीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत कार्बन डायॉक्साइड वायूचे सुमारें २८० भाग होते. ते आतां ४२० च्या वर गेले आहेत, आणि आज सोडलेल्या वायूचा कांहीं अंश हजारों वर्षें हवेंत राहावयाचा आहे. अणुभट्ट्यांतून निघणारें प्लूटोनियम निम्मे होण्यास सुमारें २४,००० वर्षें लागतात. असलें कर्ज काढतांना सावकाराची संमति घेणें दूरच राहिलें. तो अद्याप जन्मासच आलेला नाहीं.

यावर अर्थशास्त्रज्ञांचें उत्तर तयार आहे. आमच्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्राचे एक अध्यापक, माझे जुने मित्र, चहाच्या वेळीं मला तें मोठ्या ममतेनें समजावून सांगतात. उद्यांच्या रुपयाला आजच्या रुपयाची किंमत नसते. म्हणून पुढील काळच्या नफानुकसानीवर दरसाल कसर कापावी. ठीक आहे. दरसाल शेंकडा ५ या दरानें हिशेब केला, तर शंभर वर्षांनंतरच्या रुपयाची आजची किंमत एक पैसाही भरत नाहीं. आणि याच दरानें माणसें मोजलीं, तर दोनशें वर्षांनंतरचे एक लक्ष जीव म्हणजे आजचे सहासुद्धां नव्हेत! हा आंकडा मीं कागदावर मांडून दाखविला तेव्हां मित्र हंसले. पण त्यांनीं तो खोडला नाहीं. याच शास्त्रांतील पिगू यांनीं १९२० सालीं, आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षीं रॅम्से यांनीं १९२८ सालीं, पुढचें सुख केवळ पुढचें म्हणून कमी लेखणें हा दोष ठरविला होता. पुढें २००६ मध्यें स्टर्न यांनीं हवामानाच्या प्रश्नाचा हिशेब सुमारें १.४ टक्क्यांनीं केला, तर नॉर्डहाउस यांनीं त्याहून पुष्कळ वरचा दर धरून स्टर्न यांना घाईचा दोष दिला. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल त्या एका लहानशा आंकड्यावर लटकत होता.

पुढच्या पिढ्या आपल्याहून श्रीमंत असतील, म्हणून त्यांनींच खर्च सोसावा, या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे हें मी मान्य करतों. पण पिकाऊ जमीन, नद्यांचें पाणी व ऋतूंचा नेम हींच बिघडवून ठेवल्यावर ती श्रीमंती यावयाची कोठून? आणि रुपयावर कसर कापणें निराळें, जीवावर कापणें निराळें.

या न जन्मलेल्यांना वकील देण्याचे प्रयत्न झालेले आहेत. इस्रायलच्या कायदेमंडळानें २००१ मध्यें भावी पिढ्यांसाठीं एक आयुक्त नेमला. २००६ मध्यें तें पद संपलें. हंगेरीनें २००८ मध्यें असाच अधिकारी नेमला. २०१२ मध्यें त्याचें स्वतंत्र पद जाऊन तो दुसऱ्या अधिकाऱ्याचा दुय्यम झाला. वेल्सनें २०१५ मध्यें कायदाच करून आयुक्त नेमला आहे, त्याचें पुढें काय होतें तें पाहावयाचें. ज्या वकिलाचें अशील मत देत नाहीं, त्याला घरीं बसविणें सोपें असतें.

आमचा मध्यमवर्ग तरी काय निराळा? नातवाच्या नांवें ठेव ठेवण्यांत, त्याच्यासाठीं घर बांधण्यांत आम्ही कसूर करीत नाहीं. त्या घराच्या विटा ज्या डोंगराच्या मुळावर आल्या, त्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांच्या नातवांचा मात्र आम्हांला विसर पडतो. आम्ही सगळे जन्मजात आंधळे होतों असेंही नाहीं. सुमारें १७१५ सालच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या ‘आज्ञापत्रां’त आरमाराच्या प्रकरणीं बजावलें आहे, कीं आंबा-फणसाचें लांकूड कामाचें असलें तरी त्याला हात लावूं नये, तीं झाडें वर्षादोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदीं जीर्ण झालेंच असेल, तर धन्याला राजी करून, पैसा देऊन मगच तोडावें. लढाईच्या धामधुमींत असलेल्या राज्याला, जहाजांसाठीं लांकूड हवें असतांना, इतकें सुचलें.

हा मजकूर मीं माझ्या मित्रांना दाखविला. त्यांनीं चष्मा लावून तो दोनदां वाचला, आणि आंब्याच्या लांकडाचा त्या काळीं काय भाव असावा, असें मला विचारलें. इतक्यांत पुढच्या तासाची घंटा झाली.