भाट्येच्या किनाऱ्यावर चरस सापडलं, तर लॅबच्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर?

ऑगस्ट 2023 मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती. समजा, उद्या रत्नागिरीजवळ भाट्येच्या सुरुबनात एका तरुणाच्या बॅगेत असंच पाकीट सापडलं. ते चरसच आहे, हे कोण ठरवणार? फॉरेन्सिक लॅब. एनडीपीएस कायद्यात एक किलोपेक्षा जास्त चरस म्हणजे व्यावसायिक प्रमाण, आणि शिक्षा किमान 10 वर्षं. म्हणजे लॅबच्या एका कागदावर माणसाचं आयुष्य अवलंबून असतं.

मग त्या लॅबला कोण तपासतं?

एनएबीएल मानांकन म्हणजे काय?

एनएबीएल ही भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंतर्गत काम करणारी संस्था. आयएसओ/आयईसी 17025 या आंतरराष्ट्रीय मानकावर ती लॅब तपासते. उपकरणं वेळच्या वेळी प्रमाणित केली जातात का? तपासणाऱ्याचं प्रशिक्षण झालंय का? नमुना कुणाच्या हातातून कुणाकडे गेला, याची नोंद आहे का? ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना दिला, तर लॅबचं उत्तर बरोबर येतं का?

मोजमापात किती फरक पडू शकतो, हेही लॅबला माहीत असावं लागतं. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यात मर्यादा आहे 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅम. आकडा 31 आला, तर हा फरक किती हे फार महत्त्वाचं ठरतं.

'लॅब मानांकित आहे' एवढं पुरेसं आहे?

नाही. मानांकन अख्ख्या इमारतीला नाही, ठराविक चाचण्यांना मिळतं. डीएनएसाठी मानांकन असलेल्या लॅबकडे मोबाईल तपासणीसाठी ते असेलच असं नाही. शिवाय भारतात हे मानांकन ऐच्छिक आहे. ब्रिटनने मात्र 2021 मध्ये कायदा करून फॉरेन्सिक नियामकाला कायदेशीर अधिकार दिले.

लॅबच्या दाराबाहेरचं काय?

खरी गोम इथे आहे. ठाणे जिल्ह्यातल्या 2010 च्या एका बलात्कार आणि खून खटल्यात फाशी झालेल्या आरोपीची सुप्रीम कोर्टाने मे 2023 मध्ये सुटका केली. डीएनए रिपोर्ट होता. पण नमुने पाठवायला झालेला उशीर आणि ते कुणाच्या ताब्यात होते याचा न लागलेला हिशोब, यामुळे कोर्टाने त्यावर भरवसा ठेवला नाही. नुकसान दोन्हीकडून झालं: एक माणूस फाशीच्या छायेत राहिला आणि मुलीच्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही.

आत्ताच हा विषय का?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक होणार आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. नमुने वाढणार, लॅबवरचा ताणही वाढणार. घाईत गुणवत्तेला कात्री लागली, तर खटले कोर्टात टिकणार नाहीत.

म्हणून 'फॉरेन्सिक रिपोर्ट आला' अशी बातमी फॉरवर्ड करण्याआधी दोन प्रश्न विचारा. त्या चाचणीला मानांकन होतं का? आणि नमुना लॅबपर्यंत सीलबंद पोचला का? सरकारी तज्ज्ञाचा रिपोर्ट साक्षीशिवायही पुरावा म्हणून वापरता येतो, पण कोर्टाला वाटलं तर त्या तज्ज्ञाला बोलावून उलटतपासणी होऊ शकते. तिथे हेच दोन प्रश्न कामाला येतात.